लाटेची उंची विचारलीत, तिचा आवर्तकालही विचारा

प्रति,
वेगवान फेरीच्या मार्गांना मंजुरी देणारी सागरी प्रशासने आणि बंदर प्राधिकरणे,
तसेच त्यांच्यासाठी लाटांचे अंदाज-अहवाल तयार करणारे अभियंते

सविनय नमस्कार.

वेगवान फेरीचा, म्हणजे वेगवान प्रवासी जहाजाचा, नवा मार्ग मंजुरीसाठी तुमच्या टेबलावर येतो, तेव्हा फायलीत एक आकडा ठळक अक्षरांत असतो: जहाजाच्या मार्गापासून अमुक मीटर अंतरावर लाटेची कमाल उंची इतके सेंटिमीटर. त्याखाली एक वाक्य असते. ही उंची या किनाऱ्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटांपेक्षा कमी असल्यामुळे किनाऱ्यावर लक्षणीय परिणाम संभवत नाही. मी अनेक वर्षे पुळणींचे उतार मोजत आणि असे अहवाल वाचत आले आहे. ते वाक्य समोर आले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते. आकडा बरोबर असतो, मोजणारे प्रामाणिक असतात, तरीही निष्कर्ष चुकू शकतो. आणि तो चुकला हे लक्षात येईपर्यंत पुळण बदललेली असते.

हे पत्र फेरीच्या विरोधात नाही. पाण्यावरून वेगाने जाणे ही अनेक बेटांची आणि खाडीकाठच्या वस्त्यांची खरी गरज आहे, आणि ती भागवणारी माणसे चांगलेच काम करत आहेत. माझे म्हणणे अंदाजाबद्दल आहे. आज अंदाज जहाजापाशी सुरू होतो आणि जहाजापाशीच संपतो. तो किनाऱ्यापर्यंत यायला हवा.

वारा पडलेल्या एखाद्या सकाळी किनाऱ्यावर उभे राहून पाहा. दोनेक किलोमीटरवरून फेरी निघून जाते आणि काहीच होत नाही. पाच-सहा मिनिटे जातात, फेरी नजरेआड होते, आणि मग पाणी हळूच मागे सरकते. एरवी झाकलेले गोटे आणि शेवाळ उघडे पडते. त्यानंतर येते ती लाट दिसायला काहीच नसते. बुटकी, गुळगुळीत, फेस नसलेली. पण ती फुटून संपत नाही. ती चढत राहते, थांबेल असे वाटते तिथून पुढे चढते, कोरड्या वाळूपर्यंत जाते आणि परतताना बारीक वाळू, काटक्या, शिंपले ओढून नेते. मग दुसरी, मग तिसरी. पुढची काही मिनिटे हे चालते. त्या वेळी पाण्याच्या कडेला खेळणाऱ्या मुलाला, किंवा होडी अर्धी ओढून ठेवलेल्या माणसाला, ही लाट कुठून आली हे कळण्याचे साधनच नसते.

या लाटेची उंची फायलीतल्या आकड्याएवढीच असते. फरक असतो तो दोन शिखरांमधल्या वेळात, म्हणजे आवर्तकालात. नेहमीच्या जहाजांच्या लाटांचा आवर्तकाल साधारण ४ ते ५ सेकंद असतो. वेगवान फेरीच्या सुरुवातीच्या लाटांचा ८ ते १० सेकंद, कधी त्याहून जास्त. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण खोल पाण्यात लाटेची लांबी आवर्तकालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेचार सेकंदांची लाट सुमारे ३२ मीटर लांब, तर ९ सेकंदांची सुमारे १२६ मीटर. लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून तळ जाणवू लागतो. म्हणजे पहिली लाट १६ मीटर खोलीवर तळाशी बोलू लागते, आणि दुसरी ६३ मीटरवर. उंची तीच ठेवून आवर्तकाल दुप्पट केला, तर एका लाटेत साठवलेली ऊर्जा चौपट होते. हे सगळे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात आहे. तरीही मंजुरीच्या सारांशात आवर्तकालाचा रकाना मला फार क्वचित दिसला आहे.

डेन्मार्कने हे लवकर ओळखले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या समुद्रात मोठ्या वेगवान फेऱ्या धावू लागल्या, किनाऱ्यावरून तक्रारी आल्या, आणि १९९७ मध्ये नियम आला: ३ मीटर खोल पाण्यात लाटेची मान्य उंची आवर्तकालानुसार ठरेल. साडेचार सेकंदांच्या लाटेला अर्धा मीटर चालेल. त्याहून लांब लाटेसाठी अर्धा मीटर गुणिले, साडेचार भागिले आवर्तकाल, याचे वर्गमूळ. ९ सेकंदांना हा आकडा सुमारे ३५ सेंटिमीटर येतो. एका साध्या सूत्राने उंची आणि आवर्तकाल एकमेकांना बांधले गेले. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. अनेक ठिकाणी आजही एवढासुद्धा नियम नाही.

पण तोही पुरा पडत नाही, हे कागदावर करून पाहता येते. एकास दहा उताराची पुळण घ्या. लाट फुटून उतारावर किती चढेल याचा जुना, साधा अंदाज असा: उताराला, लाटेची उंची आणि खोल पाण्यातली लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणा. साडेचार सेकंदांची अर्ध्या मीटरची लाट सुमारे ४० सेंटिमीटर वर चढते. ९ सेकंदांची ३५ सेंटिमीटरची लाट चढते सुमारे ६७. दोन्ही लाटा नियमाच्या रेषेवर नेमक्या बसतात. त्यातली जी बुटकी आहे तीच दीडपटीहून जास्त उंचीपर्यंत पोहोचते, म्हणजे जिथे एरवी फक्त वादळातले पाणी जाते तिथपर्यंत. पुळणीच्या वरच्या काठावरची झाडोऱ्याची रेषा, मातीच्या कड्याचा पायथा, पक्ष्यांची घरटी हे सगळे त्या फरकातल्या २७ सेंटिमीटरमध्ये असू शकते.

आता वेगाबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते आणि ती चांगल्या हेतूने होते.

जहाजामागे उठणाऱ्या लाटांचे गणित लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये मांडले. खोल पाण्यात लाटांचा तो ओळखीचा पाचर-आकार जहाजाच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांत मावतो, जहाज लहान असो की मोठे. १९०८ मध्ये गणितज्ञ हॅवलॉक यांनी पाण्याची खोली मर्यादित असेल तर काय होते ते दाखवले, आणि चित्र पालटले. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला एक वरची मर्यादा असते: गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचे वर्गमूळ. जहाजाचा वेग भागिले ही मर्यादा म्हणजे खोलीचा फ्रूड अंक. तो एकच्या बराच खाली असेल तर लाटा केल्विनच्या पाचरीत राहतात. एकच्या जवळ आला की लाटांची ऊर्जा जहाजासोबत साठत जाते, पाचर उघडून जवळजवळ काटकोनात पसरते आणि लाटा मोठ्या व लांब होतात. एकच्या बराच वर गेला की जहाजामागच्या आडव्या लाटा उरतच नाहीत. राहतात त्या तिरप्या, बाजूला पळणाऱ्या लाटा. त्यांच्या पुढच्या रांगा फारशा विखुरत नाहीत, म्हणून त्या लांबवर टिकतात.

आकड्यांत पाहू. ३५ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर. या वेगाला फ्रूड अंक एक होतो ती खोली ३३ मीटर. अंक ०.८५ ते १.१ हा धोक्याचा पट्टा धरला, तर ही फेरी साधारण ४६ मीटरपासून २७ मीटर खोलीपर्यंत त्या पट्ट्यात असते. तुमच्या मार्गाचा किती भाग या खोल्यांमध्ये आहे? अहवालात मार्गाची रेषा असते, तळाच्या खोलीचा नकाशाही असतो. पण दोन्ही एकमेकांवर ठेवून, भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्याला वेगवेगळे धरून, मार्गावरच्या प्रत्येक टप्प्याचा फ्रूड अंक काढलेला नकाशा मी मोजक्या वेळाच पाहिला आहे. तो काढायला अर्धा दिवस पुरतो.

आणि हा नकाशा नसला की काय होते ते बघा. किनाऱ्यावरून तक्रार येते. प्रशासन संवेदनशील असते, ते लगेच आदेश काढते: या भागात वेग ३५ वरून २५ नॉटवर आणा. तिथे पाण्याची खोली समजा १७ मीटर आहे. ३५ नॉटला तिथला फ्रूड अंक सुमारे १.४ होता. २५ नॉटला तो बरोबर १ होतो. वेग कमी केला आणि जहाज नेमके सर्वांत वाईट जागी नेऊन ठेवले. लाट वाढते, किनाऱ्यावरचे लोक म्हणतात आदेश पाळला गेला नाही, फेरीचालक वेगाची नोंद दाखवतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. या ठिकाणी १५ नॉट हवे होते, म्हणजे अंक ०.६ च्या आसपास आला असता. किंवा वेग कमी करण्याची जागाच बदलून खोल पाण्यात न्यायला हवी होती. मधला वेग हा तडजोडीचा वेग वाटतो, पण लाटांना तडजोड कळत नाही.

याच कारणाने जहाज वेग कुठे घेते आणि कुठे सोडते हे वेळापत्रकाइतकेच महत्त्वाचे आहे. बंदरात शिरताना वेगवान फेरी या पट्ट्यातून एकदा जाणारच. ती पट्टा झटकन ओलांडते की त्यात दहा मिनिटे रेंगाळते, आणि ओलांडते तेव्हा समोर कुठला किनारा असतो, यावर बरेच काही ठरते. वळणांचेही तसेच. जहाज वळते तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला गेलेल्या लाटा एका जागी एकवटू शकतात. सरळ रेषेत घेतलेल्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही.

लाट बाजूला जाताना लहान होत जाते, हे आश्वासनही अहवालांत असते. होते, पण किती सावकाश ते सांगितले जात नाही. खोल पाण्यात पाचरीच्या कडेवरच्या लाटांची उंची अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे उंची निम्मी व्हायला अंतर आठपट व्हावे लागते: ३०० मीटरवर जी आहे तिच्या निम्मी २४०० मीटरवर. उलट किनाऱ्याकडे पाणी उथळ होऊ लागले की तीच लाट पुन्हा उभी राहते. १६ मीटर खोलीवरून १ मीटरवर येताना लांब लाटेची उंची, घर्षण सोडले तर, दुप्पट होते. भूशिर असेल तर लाटा त्याच्याभोवती वळून तिथेच एकवटतात. बुडता वाळूचा दांडा असेल तर त्याच्यावर. जुलै १९९९ मध्ये इंग्लंडच्या हार्विच बंदराबाहेर शिपवॉश नावाच्या अशाच दांड्यावर एका लहान मासेमारीच्या बोटीला वेगवान फेरीच्या लाटेने गाठले आणि बोटीतला एक माणूस समुद्रात पडून दगावला. ब्रिटिश सागरी अपघात तपास यंत्रणेने त्याची चौकशी केली. त्या दिवशी लाट जहाजापाशी किती उंच होती, याने त्या बोटीला काय फरक पडणार होता?

कालव्यातली एक जुनी गोष्ट इथे आठवते. १८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक नाव अचानक थांबली, आणि तिच्यापाशी साठलेले पाणी एकाच गोल, गुळगुळीत उंचवट्याच्या रूपाने पुढे धावू लागले. ते पाहणारे अभियंते जॉन स्कॉट रसेल घोड्यावर बसून त्याच्यामागे मैल-दोन मैल गेले. उंचवट्याचा आकार फारसा बदललाच नाही. जहाज थांबले म्हणून लाट थांबत नाही, हे त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

‘वाऱ्याच्या लाटांपेक्षा कमी’ या तुलनेकडे आता परत येते. ती वर्षाच्या सरासरीची तुलना असते, आणि सरासरी इथे दिशाभूल करते. एस्टोनियात टालिनच्या उपसागरात शास्त्रज्ञ तार्मो सूमेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब बघा. वाऱ्याला उघड्या असलेल्या भागांतही जहाजांच्या लाटांचा वाटा एकूण लाट-ऊर्जेच्या ५ ते ८ टक्के निघाला. पण ऊर्जेच्या प्रवाहात, म्हणजे किनाऱ्याकडे दर सेकंदाला पोहोचणाऱ्या ऊर्जेत, तोच वाटा १८ ते ३५ टक्के होता. कारण लांब लाटा जास्त वेगाने ऊर्जा वाहून आणतात. शिवाय त्या समुद्रात वादळे शरदात आणि हिवाळ्यात येतात, फेऱ्या वसंतात आणि उन्हाळ्यातही तितक्याच धावतात. ज्या महिन्यांत पुळण वादळातून सावरते, वाळू परत वर येते, गवत मूळ धरते, त्याच महिन्यांत तिच्यावर दिवसातून अनेकदा लांब लाटा येऊ लागतात. किनाऱ्याच्या विश्रांतीचा काळ वर्षाच्या सरासरीत दिसत नाही.

आडोशाचा किनारा असेल तर हे अधिकच खरे. अशा किनाऱ्याचा आकार लहान, आखूड लाटांनी घडवलेला असतो. तिथले वरचे गोटे, तिथला बारीक गाळ, पाण्याखालचे समुद्री गवत, सगळे त्या सौम्यपणावर उभे असते. ९ सेकंदांची लाट तिथे निसर्गतः येतच नाही. म्हणून ती आली की पुळण नव्या लाटेला जुळणारा नवा उतार शोधू लागते. खडे-गोटे वर ढकलले जातात, त्यांचा उंच बांध होतो. बारीक वाळू खाली खोल पाण्यात जाते. काही काळाने नवा तोल साधतोही. मग अहवालात लिहिले जाते की किनारा स्थिर आहे. स्थिर आहे हे खरे, पण तो आधीचा किनारा नाही.

न्यूझीलंडच्या मार्लबरो साउंड्समध्ये हे दिसले. १९९४-९५ च्या उन्हाळ्यात तिथे वेगवान फेऱ्या आल्या. बुडालेल्या दऱ्यांचा तो किनारा, दोन्ही बाजूंना डोंगर, आत वारा फारसा लांबवर धावूच शकत नाही. लांब लाटांची सवय नसलेल्या पुळणींवर त्या येऊ लागल्या. प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि शेवटी २००० मध्ये १८ नॉटची मर्यादा आली. अमेरिकेत सिॲटल ते ब्रेमर्टनच्या वाटेवर रिच पॅसेज नावाची अरुंद सामुद्रधुनी आहे. तिथे १९९८ मध्ये ३५० प्रवाशांची वेगवान फेरी सुरू झाली, किनाऱ्यावरच्या घरमालकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि काही वर्षांत ती सेवा गुंडाळली गेली.

रिच पॅसेजची गोष्ट इथे संपली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. त्यानंतर तिथे अनेक वर्षे किनारा मोजला गेला. पुळणींचे छेद, म्हणजे वरच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या उंचीच्या नोंदी, पुन्हा पुन्हा घेतले गेले, लाटमापक बसवले गेले, त्या सामुद्रधुनीसाठी संगणकी मॉडेले उभी केली गेली, आणि किनारा काय सोसू शकतो हे आधी ठरवून त्यावरून जहाजाच्या बुडाचा आकार निवडला गेला. हलकी, ११८ प्रवाशांची, पाण्याखालच्या पंखाने थोडी उचलली जाणारी कॅटामरान (जोडबुडाची बोट) बांधली गेली. २०१२ मध्ये प्रत्यक्ष त्या वाटेवर तिच्या चाचण्या झाल्या आणि २०१७ मध्ये नियमित सेवा सुरू झाली. आधी पुळण, मग जहाज. क्रम उलटा केला, आणि त्याच अरुंद वाटेवरून माणसे आज वेगाने जातात. वेळ लागला, पण हा वेळ पहिल्याच वेळी दिला असता तर मधली वर्षे वाया गेली नसती.

अभियंता मित्रमैत्रिणींनो, आता थोडे तुमच्याशी.

अंदाजाची साखळी तीन कड्यांची असते हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. जहाजाजवळ लाट कशी निर्माण होते, ती किनाऱ्यापर्यंत कशी जाते, आणि पुळणीवर ती काय करते. पहिल्या कडीवर आपण सगळे प्रेम करतो. तिथे मॉडेल-टाक्या आहेत, सुंदर आलेख आहेत, जहाज बांधणाऱ्याची चाचणी आहे. दुसऱ्या कडीवर मात्र अनेकदा वाऱ्याच्या लाटांसाठी लिहिलेले वर्णपट-मॉडेल लावले जाते. ते मॉडेल समुद्राची सांख्यिकी स्थिती सांगते. तासन्‌तास सारख्याच राहणाऱ्या लाटांसाठी ते उत्तम आहे. फेरीच्या लाटांचा गट काही मिनिटांत येऊन जातो, त्यातली पहिली लाट सर्वांत लांब असते आणि शेवटची सर्वांत आखूड. असा गट सरासरीत विरघळून जातो. इथे प्रत्येक शिखर आणि प्रत्येक दरी वेगळी मोजणारे बूसिनेस्क प्रकारचे मॉडेल हवे. ती मॉडेले आता सहज उपलब्ध आहेत, त्यातली काही चालत्या जहाजालाच लाटांचा उगम म्हणून धरतात. संगणकाचा वेळ जास्त लागतो, हे कारण आता टिकत नाही.

तिसरी कडी सर्वांत अशक्त आहे आणि तिथेच चूक फुगते. तळावरचा गाळ हलण्याचे प्रमाण पाण्याच्या वेगाच्या घनाच्या आसपास वाढते असे धरले, तर लाटेच्या उंचीत १५ टक्के चूक म्हणजे गाळाच्या हिशेबात ५० टक्क्यांहून जास्त चूक. १५ टक्के ही तुमच्या पहिल्या कडीतली चांगली कामगिरी मानली जाईल! म्हणून कृपा करून तुमच्या अहवालाच्या शेवटी एकच संख्या लिहू नका. पट्टा लिहा. मॉडेल किती चुकू शकते हे लिहिणाऱ्या अभियंत्यावर माझा विश्वास वाढतो, कमी होत नाही. आणि जहाज रिकामे असताना घेतलेली चाचणी भरलेल्या जहाजाला लावू नका. तेच बूड जास्त वजन घेऊन पाण्यात खोल बसले की वेगळी लाट काढते.

भरतीची वेळ विसरू नका, हेही सांगायला हवे. फेरी रोज ठरावीक वेळी जाते, भरती रोज पुढे सरकते. म्हणून काही दिवस लाटा ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर पसरून विरतात, आणि काही दिवस त्याच लाटा उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन कड्याच्या पायथ्याशी पोहोचतात. वर्षभराचे वेळापत्रक आणि वर्षभराचे भरती-ओहोटीचे तक्ते समोर ठेवले, तर कोणत्या दिवशी कोणती फेरी उच्चतम पाण्यावर येणार आहे हे आधीच सांगता येते. तेवढ्याच फेऱ्यांचा वेग त्या दिवशी पुरेसा उतरवला, किंवा वेळ तासाभराने सरकवली, तर मोठे नुकसान टळू शकते. एवढ्या स्वस्त उपायाचा उल्लेख क्वचितच का दिसतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

प्रशासनाकडे माझे मागणे मोठे नाही. लाटेची उंची विचारता तिथेच आवर्तकाल विचारा, आणि दोन्ही किनाऱ्यापाशी, ठरावीक उथळ खोलीवर विचारा. मार्गाच्या प्रत्येक टप्प्याचा फ्रूड अंक दाखवणारा नकाशा अर्जासोबत मागा, भरतीचा वेगळा आणि ओहोटीचा वेगळा; तो नसेल तर फाईल परत पाठवा. वेग बदलण्याच्या जागा परवान्यात लिहा, कप्तानाच्या मर्जीवर सोडू नका. मार्गालगत वाळूचे दांडे असतील तर तिथल्या मच्छीमारांना, आणि किनाऱ्यावर जिथे माणसे पाण्यात उतरतात तिथे पाटी लावून, लाट जहाज गेल्यावर काही मिनिटांनी येते हे सांगा. आंतरराष्ट्रीय जलवाहतूक संघटना पियांकने २००३ मध्ये वेगवान जहाजांच्या लाटांबद्दल मार्गदर्शक अहवाल काढला आहे. तुमच्या कार्यालयात तो नसेल तर मागवा, पण तो वाचून झाल्यावर स्वतःच्या किनाऱ्यावर पाय ठेवूनच निर्णय घ्या. एका ठिकाणचा निकष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मोजणी आधी करा. एका किनाऱ्यावर आम्हाला फेरी सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी बोलावले गेले. रहिवासी सांगत होते की पुळण अरुंद झाली आहे, एका घराच्या कुंपणाचे खांब उघडे पडले होते. चालक सांगत होते की ती आधीपासूनच अशी होती. आमच्याकडे आधीचा एकही छेद नव्हता. जुने फोटो काढले, हवाई छायाचित्रे शोधली, पण त्यांतून एक-दीड मीटरचा फरक खात्रीने सांगता येत नव्हता. आम्ही प्रामाणिकपणे लिहिले की निष्कर्ष काढता येत नाही. बैठकीत त्याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा वाचला गेला. त्या रहिवाशांच्या चेहऱ्याकडे बघणे मला त्या दिवशी जमले नाही.

ते काम अवघड नव्हते. पहिल्या फेरीच्या किमान एक वर्ष आधी, सगळे ऋतू धरून, निवडक पुळणींचे छेद कायम खुणांपासून घ्यायचे. उथळ पाण्यात दोन-तीन दाब-संवेदक ठेवायचे, म्हणजे तिथे निसर्गतः कोणत्या आवर्तकालाच्या लाटा येतात हे कळेल. ९ सेकंदांची लाट तिथे आधीपासून येत असेल तर तुमची काळजी बरीच कमी होईल, आणि तेही त्या नोंदीतूनच सिद्ध होईल. फेरी सुरू झाल्यावर तेच छेद, तेच संवेदक, त्याच खुणा. किती बदल झाला की वेग उतरवायचा हा आकडा परवान्यात आधीच लिहायचा, म्हणजे नंतर भांडण आकड्यावर होईल, माणसांवर नाही. आणि या नोंदी कपाटात न ठेवता कच्च्या स्वरूपात सर्वांना खुल्या करायच्या, म्हणजे फेरीचालकाला, रहिवाशाला आणि पुढच्या अभियंत्याला तेच आकडे दिसतील.

ज्या मार्गांचे अर्ज आज तुमच्या टेबलावर आहेत आणि ज्यांवर पहिली फेरी अजून धावलेली नाही, त्यांची यादी करा. त्या किनाऱ्यांवर पहिला छेद येत्या ओहोटीला घेता येतो.

आपली विश्वासू,
पुळणी मोजणारी एक सर्वेक्षक